उजेड अडवणारी बाई

१

सकाळी आठला मी खोली उघडते. आधी पंखा लावते, मग हात धुते. साबणाने धुवायचे, पुसायचे आणि पूर्ण कोरडे होईपर्यंत कशालाही शिवायचं नाही. ओल्या हाताने ताडपत्राला शिवलं तर आचान, म्हणजे आमचे गुरुजी, सिंगखाम ओरडतात, आणि ते ओरडले की विहाराच्या छपरावरची कबुतरं उडतात.

लाओसमधल्या लुआंग प्रबांगच्या आमच्या मठात ही खोली आहे. आजूबाजूच्या डोंगरांतल्या विहारांतून पोथ्या आमच्याकडे येतात. बासन सोडायचं, पानं मोजायची, मऊ कुंचल्याने धूळ झाडायची, गवती चहाच्या तेलाचा बोळा हलकेच फिरवायचा. पान काळ्या मखमलीवर ठेवायचं, फोटो काढायचा. पान उलटायचं, पुन्हा फोटो. बावीस वर्षं मी हे करत्ये. खोलीला एकच खिडकी आहे आणि ती फळ्या ठोकून बंद केलेली आहे, कारण ऊन म्हणजे पोथ्यांना विष. माझं टेबल त्या खिडकीला लागून. पाठीमागे हातभर जागा सोडून पोथ्यांची कपाटं.

फोटो जातात पलीकडच्या टेबलावर, दाओफेतकडे. दाओ तिशीची आहे. तिने कॉम्प्युटरला जुनी लिपी वाचायला शिकवलंय. तिला स्वतःला त्या लिपीतलं ओ की ठो कळत नाही.

"न येणारीने न येणाऱ्याला शिकवलं," आचान म्हणतात. "हीच आजकालची विद्या."

आचान पूर्वी भिक्खू होते. चीवर उतरवून चाळीस वर्षं झाली, पण ही लिपी खडाखडा वाचणारं गावात आता त्यांच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. मला येते, पण अडखळत.

या कामातली माझी आवडती गोष्ट म्हणजे पोथीचं शेवटचं पान. मजकूर संपला की लेखनिक तिथे आपलं नाव, तिथी लिहितो, आणि मग जरा मन मोकळं करतो. 'अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आलंय, हसू नका.' 'पाठ मोडली.' 'डास फार आहेत.' दोन-दोनशे वर्षांपूर्वीची ही माणसं, पण वाटतं आत्ताच उठून पाणी प्यायला गेलीत.

त्या सोमवारी बान हुआयदोक गावची पोथी घेतली. चोवीस पानं. तेविसाव्या पानावर मजकूर मध्येच तुटलेला, चोविसावं कोरं. त्याच आठवड्यात आमच्याकडे नवा दिवा आला होता, पानाच्या कडेला आडवा ठेवायचा. अक्षर लोखंडी टोकाने कोरतात आणि वरून काजळी चोळतात. काजळी चोळायची राहून गेली, तर ओरखडा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तिरप्या उजेडात मात्र दिसतो.

कोऱ्या पानावर एक ओळ दिसली. आचानांनी भिंग लावून वाचली.

"'लिहिताना समोर एक बाई पाठमोरी बसते. तिच्यामुळे उजेड अडतो.'"

आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

"बुआलयताई, तुम्हालाच म्हणतोय तो," दाओ म्हणाली. "भात जरा कमी खा."

२

गुरुवारी उपोसथाचा, म्हणजे पंधरवड्यात दोनदा येणारा व्रताचा, दिवस होता. पहाटे भिक्खूंना दान वाढून मी तशीच कामावर आले होते, नव्या रेशमी उपरण्यासकट. चोविसाव्या पानाचा फोटो जरा धूसर आला होता, म्हणून पुन्हा काढायला घेतलं.

दिवा लावला. ओळी दोन होत्या.

मला नवल वाटलं नाही. सोमवारी नजरेतून सुटली असेल. आचान आलेच होते, त्यांच्यापुढे पान सरकवलं.

"'आज सणाचा दिवस,'" त्यांनी वाचलं. "'बाईच्या खांद्यावरचं वस्त्र सारखं घसरतं. ती ते सारखं सावरते.'"

माझा हात खांद्यावर होता. घसरलेलं उपरणं मी वर ओढत होते. आचानांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. मग मी म्हटलं, "रेशीम आहे. रेशीम तेव्हाही घसरतच असणार."

"असणार," आचान म्हणाले.

ते गेल्यावर मी दाओला सोमवारचा फोटो काढून दाखवायला सांगितला. तिने दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. पानाच्या डाव्या कोपऱ्यात तोच डाग, मधोमध किडीने पाडलेलं तेच भोक. सोमवारच्या फोटोत त्या भोकाच्या आजूबाजूला काहीही नव्हतं. आजच्या फोटोत दुसरी ओळ त्या भोकावरूनच गेली होती.

"कुणीतरी लिहिलंय," दाओ म्हणाली. "मधल्या दिवसांत."

लोखंडी लेखणी आमच्या गावात एकाकडेच होती.

३

आचानांचं घर मठाच्या मागच्या बाजूला, नदीच्या उतारावर आहे. ते अंगणात तट्ट्यांवर नदीचं खायचं शेवाळ वाळत घालत होते. मी पान आणि भिंग बरोबर नेलं होतं.

"आचान, एक विचारू? रागवायचं नाही."

"म्हणजे रागावण्यासारखंच आहे. विचार."

"या पानावर तुम्ही काही लिहिलंत का? गंमत म्हणून?"

डाव्या हाताने त्यांनी आपला उजवा हात मनगटाशी धरून वर उचलला आणि सोडला. ओल्या फडक्यासारखा तो मांडीवर पडला.

"या हाताने? झटका आला त्याला वर्ष झालं, बाई. भाताचा घास मी डाव्या हाताने वळतो. रोज माझ्यासमोर जेवतेस, एवढंही दिसलं नाही तुला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनीच मग भिंग घेतलं आणि पान उन्हाकडे धरलं.

"हे बघ. हे भोक. भोकाच्या कडेला अक्षर अर्धं कापलं गेलंय. म्हणजे आधी काय, अक्षर की भोक?"

"अक्षर."

"आणि सोमवारच्या फोटोत भोक आहे?"

"आहे."

"मग अक्षर कुठे होतं?"

खाली नदीवर एक नाव फटफटत चालली होती. मी पान परत कापडात गुंडाळायला घेतलं.

"दिव्याचा कोन चुकला असेल," मी म्हटलं.

"असेल."

दोघांनाही ते पटलं नव्हतं. तरी दोघांनी मान डोलावली.

४

शुक्रवारी मी टेबल फिरवलं. घाबरून नव्हे, असं मी स्वतःला बजावलं. पण पाठीमागे कुणी नाही ना, हे दर पाच मिनिटांनी वळून बघण्यापेक्षा सरळ तिकडे तोंड करून बसलेलं बरं. आता माझी पाठ बंद खिडकीला होती आणि समोर कपाटं. कपाटं आणि टेबल यांच्यामध्ये हातभर रिकामी फरशी.

दिवसभर मी त्या फरशीकडे बघत काम केलं. काही नव्हतं. तीन लाद्या, एक चिरलेली. संध्याकाळी पोथी बासनात बांधली, कपाटात ठेवली, कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. घरी गेले, जेवले, झोपले. किल्ली सकाळी जिथल्या तिथे होती.

शनिवारी सकाळी आल्या आल्या कुलूप काढलं आणि पान दिव्याखाली धरलं. तिसरी ओळ मी स्वतःच वाचली, अक्षर अक्षर लावत.

'आता ती माझ्याकडे तोंड करून बसते. अजून मी तिला दिसत नाही.'

माझ्या तोंडून आवाज निघाला तो कसला, मला सांगता येणार नाही. बाहेर आले तेव्हा अंगणात झाडू मारणारे दोन लहान भिक्खू हातातला झाडू तसाच धरून माझ्याकडे बघत उभे होते.

मठाचे प्रमुख साथू खामफेंग. त्यांना मी सगळं सांगितलं. सांगताना माझं मलाच ते वेडगळ वाटत होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बान हुआयदोकची माणसं मंगळवारी पोथी न्यायला येणार आहेत," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली आणून. फोटो झाले ना?"

"झाले."

"मग आता बासन सोडू नकोस. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. व्हरांड्यात बसून काम कर."

५

सोमवारी मी माझं सामान व्हरांड्यात मांडलं. कॅमेरा मात्र आत होता, त्याचा स्टॅंड दारातून बाहेर निघत नसे. फोटोंचं काम दाओकडे गेलं.

"वा! व्हरांडा तुम्हाला, खुर्ची मला," ती म्हणाली. "बढतीच झाली की."

"दाओ, त्या खुर्चीत बसू नकोस. उभ्याने काढ फोटो."

"तीनशे पानांचे फोटो उभ्याने? ताई, माझ्या कमरेचं काय होईल त्याचा विचार करा. भूत परवडलं."

"थट्टा नको."

"बरं, नाही बसत," ती म्हणाली, आणि बसली. तिच्या खुर्चीचा आवाज मला बाहेर ऐकू आला.

दोन तास कॅमेऱ्याची खटखट चालू होती. मधेच ती थांबली. मग कपाटाचं दार करकरलं. किल्ली मी सकाळी तिच्याकडेच दिली होती, बाकीच्या पोथ्यांसाठी. मी उठून दारात गेले तोवर तिने चोविसावं पान मखमलीवर ठेवलं होतं, दिवा आडवा केला होता आणि ती पडद्याकडे बघत होती. तिच्या कॉम्प्युटरने वाचायला सुरुवात केलेली.

"चौथी ओळ आहे, ताई," ती म्हणाली. "थांबा, लागतेय. 'आजची बाई तरुण आहे. हिचे डोळे चांगले आहेत.'" ती खदाखदा हसली. "ऐकलंत? दोनशे वर्षांनी का होईना, कुणीतरी कौतुक केलं. नवऱ्याने कधी केलं नाही. व्हिएंतियानहून फोन करतो तर विचारतो काय, तर ट्रकचं टायर—"

मी तिचा दंड धरला आणि तिला ओढतच बाहेर आणलं. ती हसत होती. "अहो ताई, पडेन मी!" अकरा वाजत आले होते. भिक्खूंच्या जेवणाचा नगारा सुरू झाला. डोक्यावर रणरणतं ऊन. अंगणातली पांढरी वाळू अशी तळपत होती की मला डोळे बारीक करावे लागले.

नगारा थांबला. दाओ पायरीवर उभी होती. तिचं हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं.

"ताई," ती म्हणाली, "लाईट गेली का?"

६

डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, थेंब घातले, डोक्याचा फोटो काढला. मग मला बाजूला बोलावलं.

"डोळ्यांत काही दोष नाही. उजेड मारला की बाहुल्या आकसतात. म्हणजे डोळे बघतायत."

"मग तिला दिसत का नाही?"

"तेच मलाही कळत नाही," ते म्हणाले.

दाओची आई मलिवनला घेऊन आली. मलिवन दाओची मुलगी, चार वर्षांची. ती खाटेवर चढली आणि आईच्या तोंडापुढे हात हलवून बघू लागली. दाओने चाचपडत तो हात पकडला, तिचा चेहरा, केस, खांदे हाताने पाहिले.

"हिला कुठला फ्रॉक घातलायस, आई?"

"पिवळा."

"पिवळा," दाओ म्हणाली. बराच वेळ ती ती बाही बोटांत धरून होती.

आजी-नात चहा प्यायला बाहेर गेल्या तशी दाओने माझा हात ओढला.

"त्यांच्यासमोर नाही बोलले. ताई, अंधार नाहीये."

"म्हणजे? दिसतंय तुला?"

"पान दिसतंय."

मला नीट कळलं नाही.

"ताडाचं पान. अगदी जवळ, नाकासमोर. एक लोखंडी टोक आहे, ते सरकतंय. एक अंगठा आहे. काळा, नख फुटलेलं. डोळे मिटले तरी दिसतंय, ताई. उघडले तरी तेच. सकाळपासून ते टोक थांबलेलंच नाही."

७

दुपारी आचान आले. खाटेशेजारी स्टुलावर बसले आणि आपला लुळा हात तिच्या मांडीवर ठेवून त्यांनी तळवा उघडला.

"पोरी, तुला दिसतंय ते इथे काढ. बोटाने. जसं दिसतं तसं."

दाओला लिपी येत नव्हती. ती नुसते आकार गिरवत गेली, वेलांटी, गोल, शेपूट. त्या हाताला अर्धवटच कळायचं, म्हणून आचान तिच्या बोटावर नजर ठेवून होते. त्यांचे ओठ हलत होते. पानभर मजकूर झाला असेल. मग त्यांनी वर पाहिलं. माझ्याकडे नाही, भिंतीकडे.

"काय आहे?" मी विचारलं.

"तीच पोथी. तेविसाव्या पानावर तुटली ना? तिथून पुढचं."

मी उठले. पिशवी उचलली. मला आठवतं, त्या क्षणी माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, फक्त मठाच्या स्वयंपाकघरात काडेपेटी कुठे असते एवढंच.

"कुठे निघालीस?"

"जाळून टाकते ती."

बावीस वर्षं मी पोथ्यांना कसर लागू नये म्हणून जीव टाकला. एका पानाचा कोपरा तुटला तर मला रात्री जेवण जात नसे. आणि ते वाक्य माझ्या तोंडून 'चहा टाकते' इतक्या सहज निघालं.

"आणि जळताना ही काय बघेल?" आचान म्हणाले.

मी जागच्या जागी थांबले.

"ताई, नका ना," दाओ म्हणाली. "तेवढंच तर दिसतंय मला. तेही जाळू नका." ती रडत नव्हती. तिचे डोळे पानाच्या उंचीवर स्थिर होते आणि डावीकडून उजवीकडे सरकत होते. "पण फार अंधुक आहे हो तिथे. त्यालाही नीट दिसत नाही. सारखं पान उचलतो आणि खिडकीकडे धरतो."

"कुठली खिडकी?"

"फळ्या ठोकलेली."

८

मी मठात पोचले तेव्हा तीन वाजले होते. सुताराकडून हातोडी घेतली. फोनचा आवाज मोठा करून खिशात ठेवला, दुसऱ्या टोकाला दवाखान्यात दाओ आणि आचान होते.

मी धीट बाई नाही. पण मी हिशेब केला तो असा: त्याला उजेड हवाय, तर तो घेऊ दे. लिहून होऊ दे. लिहून झालं की दुसऱ्याचे डोळे त्याला कशाला लागतील?

माझं टेबल खोलीच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात सारलं. पोथी काढली, चोविसावं पान मखमलीसकट त्या हातभर फरशीवर ठेवलं. मग खिडकीच्या फळ्यांना हातोडी घातली. पहिली फळी निघाली तसा उन्हाचा एक पट्टा खोलीत आला. दुसरी, तिसरी. बावीस वर्षांत प्रथमच मी त्या खोलीची खरी भिंत पाहिली. फिकट हिरवी होती.

"आला!" फोनमधून दाओ ओरडली. "ताई, उजेड आला! केवढा उजेड!"

मी गुडघ्यांवर बसले होते, हातोडी हातातच. घामाने पाठ भिजलेली.

"आता?" मी विचारलं. "आता दिसतंय का तुला? खाट, आचान, काही?"

फोनमध्ये खाट करकरली.

"दाओ?"

"ताई," ती हळू आवाजात म्हणाली, "मला तुम्ही दिसताय."

माझ्यासमोर कपाटं होती, आणि फरशीवर पान.

"गुडघ्यांवर बसलाय. जांभळा ब्लाऊज. हातात हातोडी. ताई, तुमचे केस किती पिकलेत हो. समोरूनच दिसताय." तिचा श्वास मला ऐकू येत होता. "त्याने लिहायचं थांबवलंय. तो तुमच्याकडे बघतोय. हलू नका."

मी हलले नाही. किती वेळ, देव जाणे. माशी हाताच्या पाठीवर बसली आणि उडाली, तरी मी हात हलवला नाही. खोलीत पंखा बंद होता, वाऱ्याची झुळूक नव्हती. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या पानाची एक कड वर उठली. चार बोटं उंच. पान खिडकीकडे तिरपं झालं आणि तसंच राहिलं. खाली आधाराला काही नव्हतं. फरशीवर पानाची सावली पडली होती, फक्त पानाची.

"हं," दाओ म्हणाली. "लागला लिहायला."

मी रांगत दारापर्यंत गेले.

पाच वाजेपर्यंत मी पायरीवर बसून होते, फोन कानाला लावून. दाओ गिरवत होती, आचान पुटपुटत होते. शेवटी आचानांचा आवाज आला, सावकाश, एकेक शब्द.

"'लिहून पूर्ण झाले. हात माझा, डोळे दुसरीचे. जिने डोळे दिले तिला या पोथीचं सारं पुण्य लाभो.'"

"झालं?" मी विचारलं. "म्हणजे संपलं ना?"

"झालं ना, आचान?" मागून दाओचा आवाज आला. "पूर्ण झालं म्हणतोय ना तो? मग मला दिसत का नाही?"

"आता काय दिसतंय तुला?"

"खोली. कपाटं. उघडी खिडकी." ती थांबली. "लेखणी खाली ठेवली त्याने. नुसता बसलाय."

९

मंगळवारी बान हुआयदोकची माणसं आली. झांजा, ढोल, फुलं. मी त्यांच्या म्होरक्यापुढे हात जोडले.

"काका, आणखी एक महिना. एक आठवडा तरी."

"बाई, पोथी आमची आहे," तो म्हणाला. काही वाईट माणूस नव्हता तो. "दोन पावसाळे झाले. गावातल्या म्हाताऱ्या रोज विचारतात, पोथी कधी येणार. आणखी किती फोटो काढाल?"

साथू खामफेंगनी माझ्याकडे बघून मान हलवली. मिरवणुकीची रीत म्हणून म्होरक्याने पोथी बासन न बांधता, उघडीच डोक्यावर घेतली.

मी दवाखान्यात धावले. दाओ खाटेवर ताठ बसली होती, मलिवनला मांडीवर घेऊन.

"नदी, ताई!" ती म्हणाली. "नावेत बसलो. डोंगर दिसतायत. काठावर म्हशी आहेत." दिवसभर ती मुलीला सांगत होती, ही बघ बगळ्यांची रांग, ही बघ वाळू. मलिवन खिडकीतून बाहेर बघायची, तिला दवाखान्याची भिंत दिसायची. दुपार कलताना दाओ म्हणाली, "विहार आला. पायऱ्या. लाकडी पेटी आहे, सोनेरी वेलबुट्टीची." मग तिने दोन्ही हात चेहऱ्यापुढे धरले, जसं अंगावर काही येताना धरतात.

"कापड," ती म्हणाली. "लाल." आणि मग, "झाकण लावलं."

तेव्हापासून तिला काळोखच दिसतो. कापडाच्या विणीतून दिवसा थोडा लालसर उजेड येतो, तेवढाच. त्यावरून ती सकाळ झाली म्हणून ओळखते.

गावकऱ्यांना मी सांगितलं, पोथीला वारा लागला पाहिजे, कसर लागेल. ते मला मान देतात. दर उपोसथाला मी सहा तास नावेतून जाते. पेटी उघडते, बासन सोडते, चोविसावं पान विहाराच्या दारात ठेवते आणि बाजूला होऊन बसते. फोन लावते. दाओ म्हणते, "आकाश निळं आहे, ताई," किंवा "फणसाला फळं धरली." संध्याकाळी मी ते पुन्हा बांधते. गाठ मारायच्या आधी दाओ फोन ठेवते.

गेल्या उपोसथाला मलिवनला बरोबर नेलं. तिला पाचवं लागलं होतं, शाळेत नाव घातलं होतं. आजीने नवा पांढरा सदरा आणि निळा परकर शिवून दिला होता. दाओने महिनाभर तोच एक ध्यास घेतला होता.

मी पान ठेवलं. ऊन छान होतं. मलिवनला दारात उभं केलं.

"इकडे बघ, बाळ. पानाकडे. आई बघतेय."

तिने पानाकडे पाहिलंच नाही. पानाच्या हातभर वर, जिथे काही नव्हतं तिथे ती टक लावून बघू लागली. मग तिचा चेहरा फुलला.

"आई!" ती म्हणाली.

"दिसली!" फोनमध्ये दाओ रडत होती, हसत होती. "ताई, दिसली! किती उंच झाली! ये बाळा, जवळ ये, अजून जवळ ये."

मलिवन दोन पावलं पुढे गेली. तिसरं उचलता उचलता तिची नजर जराशी खाली सरकली. आईच्या डोळ्यांवरून उतरावी तशी, ते डोळे ज्या चेहऱ्यात होते त्या चेहऱ्यावर.

तिचा पाय हवेतच राहिला. तोंड उघडंच राहिलं.

"ताई?" फोनमधून दाओ विचारत होती. "ताई, काय झालं तिला? ती माझ्याकडे अशी का बघतेय?"